हात लावू नये

त्या सोमवारी शाळेत होतो ते असे: मास्तर, तपासणीला आलेले साहेब, चौथीची एकोणीस पोरं, त्यातच माझी सुमन, आणि झाडू धरून दारात मी. मास्तरांइतका येडा माणूस अख्ख्या सिल्वासात झाला नाही, नि होणारही नाही.

गळ्यात शिंप्याची टेप घालून फिरायचे. पोरांकडनं काहीही मोजून घ्यायचे, म्हशीचं शेपूट, पिंपळाचं खोड, एकदा तर माझा झाडू. म्हणाले, "मावशी, वर्षात झाडू वीतभर झिजला. तुम्ही किती झिजल्या?" मी म्हटलं, मला मोजायला टेप पुरायची नाही. नवरा मसाटच्या कारखान्यात मशिनीवर होता, तिथंच गेला. रडायला सवड नव्हती, दुसऱ्या आठवड्यात शाळेची टाकी भरायला लागले. तर मास्तर. कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की पोरं अंगणातल्या काठीच्या सावलीवर खडूनं खूण करायची. दोन महिन्यांनी सावली खुणेवरनं सरकली, तशी सगळी वरात मसाटला गेली नि वॉचमनला म्हणाली, तुमचा भोंगा चुकतो. त्यानं दांडा दाखवला. पोरं पळत आली. मास्तरांना आधीच ठाऊक होतं की सरकला तो सूर्य, पण सांगतील तर शपथ. पोरांनी आपणच शोधलं तेव्हा त्यांनी गूळ वाटला, नि एक खडा वॉचमनलाही पाठवला.

मग वालाचं झालं. साहेब येणार म्हणून पोरांनी एकोणीस करवंट्यांत वाल भिजवले, ओल्या फडक्यात ठेवले, प्रत्येकीत एक चिठ्ठी. शनिवारी मास्तर मला म्हणाले, सगळं लख्ख करा. पोरं गेल्यावर पाहिलं तर वालाला दोन बोटं कोंब. सोमवारपर्यंत कुजले असते. ज्यानं उपास काढलेत त्याच्या हातनं अन्न फेकलं जात नाही. आमच्या नंदुरबारकडं मी बिरडं कधी केलं नव्हतं, इथं शेजारणीनं शिकवलेलं. सोलले, फोडणी दिली, दोघी मायलेकी जेवलो. चिठ्ठ्या टेबलाच्या खणात ठेवल्या, करवंट्या राखेनं घासून फळीवर रचल्या. सुमनला म्हटलं, शेजारणीनं वाल दिले. खोटं ते तेवढंच.

सोमवारी पोरांनी करवंट्या पाहिल्या नि भोकाड पसरलं. मास्तर म्हणाले, "रडायचं नाही. शोधायचं." झालं. कुणी उंदराच्या लेंड्या शोधतंय, कुणी कावळ्यावर आळ घेतंय, एकजण शाळेच्या आवारातल्या माझ्या खोलीमागनं वालाची सालपटं घेऊन आला. साहेब वहीत लिहीत होते. ही नोकरी गेली की खोलीही जाणार होती.

तेवढ्यात ती सालपटं बघून सुमन उठली. मास्तरांनी शिकवलं होतं तसं, हात मागं बांधून बोलली. "सर, ते आम्ही खाल्ले. कोंब आलेला वाल लवकर शिजतो. नि गोड लागतो."

साहेब मास्तरांना म्हणाले, "आ बाईने काढी मूको." बाईला काढून टाका.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. "साहेब, चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, हात लावू नये. मावशींना वाचता येत नाही, हे तीन वर्षं एका शाळेत राहून मला कळलं नाही. चूक लिहायचीच तर माझी लिहा."

साहेबांनी पेन बंद केलं. जाता जाता सुमनला विचारलं, फोडणीत काय होतं.

दुसऱ्या दिवसापासनं शाळा सुटल्यावर मास्तरांनी अर्धा तास मला मागच्या बाकावर बसवलं. पहिला धडा त्याच एकोणीस चिठ्ठ्या. पोरं खिडकीतनं सांगायची, मावशी, मात्रा राहिली. पुढल्या वर्षी मास्तरांची बदली झाली. निरोपाला मला नीट चार ओळी लिहिता आल्या नाहीत. आता येतात.

वाचणाऱ्यानं एवढं करावं. गळ्यात टेप घातलेला म्हातारा कुठं भेटला, तर हा कागद त्याच्या हातात द्यावा. वाचून दाखवू नये. अक्षर माझं आहे, ते त्याला बघू द्यावं.