कोरमपुरती ताई

दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी ताई एका कंपनीची संचालक आहे, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. खुद्द ताईलाही ते वर्षातून एकदाच आठवायचं.

धाकट्या भावाने पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना काढला, तेव्हा प्रायव्हेट कंपनीला किमान दोन माणसं लागत; सभेचा कोरम भरायलाही दोन. भावजय सरकारी नोकरीत, तिचं नाव चालेना. मग बहीण.

"नुसतं नाव गं ताई. तुला कशाला हात लावायचा नाही," भाऊ म्हणाला होता. तिने लावलाही नाही.

बावीस वर्षं वार्षिक सभा कागदोपत्री कारखान्यात आणि प्रत्यक्षात ताईच्या ओट्यापाशी भरत आली. भाऊ ठराव वाचायचा, ताई भाजी निवडता निवडता "अनुमोदन" म्हणायची. सह्या दोन मिनिटांत उरकायच्या. मग तो जेवून, ढेकर देऊन, घटकाभर लवंडून जायचा. एरवी वर्षभर दोघांची गाठ फोनवरच.

यंदा तो कंपनी सेक्रेटरी बाईंना सोबत घेऊन आला.

"कायदा बदललाय," बाईंनी फाइल उघडली. "आता एकट्या माणसाचीही कंपनी होते. तुमचे शेअर सरांच्या नावावर, आणि तुमचा राजीनामा. बस."

"आणि सभा?"

"ती भानगडच नाही. एकट्याने सभा घ्यायची कुणाशी?"

भाऊ हसला, बाईही हसल्या. दोघं हसले म्हणून ताईही हसली.

"फक्त एक नॉमिनी लागतो. सरांचं काही बरंवाईट झालं तर कंपनी सांभाळणारा."

ताईने भावाकडे पाहिलं. तो टेबलावरचा डाग नखाने खरवडत होता.

"लेकीचं नाव दिलंय," तो म्हणाला.

"बरं केलंस."

राजीनाम्यात कारण आधीच टाइप केलेलं होतं: वैयक्तिक कारणास्तव.

"हे माझं कारण?"

"तसं लिहायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "आता कसलीच कटकट नाही मागे. मोकळ्या झालात तुम्ही."

बरं वाटायला हवं, की वाईट? ताईने मनात चाचपून पाहिलं. हाताला काहीच लागलं नाही. बाईंनी बोट ठेवलं तिथे तिने सही केली. पाच ठिकाणी.

"जेवून जाता?"

"बाईंना सोडायचंय गं. येईन मी, निवांत."

अकराव्या दिवशी दवाखान्यात असताना फोनवर मेसेज आला, राजीनाम्याची नोंद झाल्याचा. तिने तो दोनदा वाचला आणि पुढचा नंबर पुकारला.

भाऊ आला, नाही असं नाही. पाच महिन्यांनी, जाता जाता. खाली गाडी चालूच होती. कारखाना बरा चाललाय म्हणाला. ताईनेही दवाखाना बरा चाललाय म्हणून सांगितलं. पुढे काय बोलावं, दोघांनाही सुचेना. तेव्हा तिने त्याला मोरीतला नवा नळ दाखवला. त्याने तो सोडून पाहिला, बंद केला, आणि "छान आहे" म्हणाला.