नऊच का?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. आजच का सांगतोय, ते विचारू नका. मलाही नीट ठाऊक नाही.

तसा मी सुखात आहे. निवृत्त झाल्यापासून कासार आंबोलीत राहतो. दारात चिकूची झाडं आहेत, दुपारी चार-दोन मुलं गणित शिकायला येतात. जन्मभर पौडकडच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला तेच शिकवलं. चांगला शिकवतो, असं लोक म्हणतात. आता मलाही तसं वाटतं. पण सुरुवातीला?

सुरुवातीला मी फक्त पाठ केलेलं म्हणून दाखवत होतो.

नोकरीचं पहिलंच वर्ष. फळ्यावर वर्तुळाचं समीकरण होतं: x² + y² + 6x + 8y + 9 = 0. केंद्र आणि त्रिज्या काढायची होती. रीत तोंडपाठ — सहाचं निम्मं तीन, तिनाचा वर्ग नऊ, तो दोन्ही बाजूंना मिळवा. तसेच y साठी सोळा. पूर्ण वर्ग तयार. केंद्र (−3, −4), त्रिज्या 4. मी हात झटकले. तेवढ्यात मुठा गावची संगीता उभी राहिली.

"सर, नऊच का?"

(x + 3) चा वर्ग करून बघ, नऊ येतात, असं मी सांगितलं. ती बसली नाही. "येत्यात ते दिसतंय, सर. पण आधी कसं कळलं?"

मला उत्तर येत नव्हतं. कुणी मला ते शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. "माहीत नाही, उद्या सांगतो" — एवढं म्हणायला काय झालं असतं? मी म्हणालो, डोकं चालत नसेल तर पाठ करावं. वर्ग हसला. ती खाली बसली.

पण पोर गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न, आणखी चार दिवसांनी तिसरा. वर्गात शिरताना माझी नजर आधी तिच्या बाकाकडे जायची. ती आली नसेल तर बरं वाटायचं. हो — बरं वाटायचं.

आणि आता जे सांगायचं, ते हे.

दिवाळीनंतर तिचे वडील कॉलेजात आले. शेतकरी माणूस, संगीता त्यांना आण्णा म्हणायची. पोरीला सायन्स झेपेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वर्गात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "गणित तिच्या आवाक्यातलं नाही. आर्ट्सला टाका." आण्णांनी हात जोडले. पुढच्या वर्षी संगीता माझ्या वर्गात नव्हती.

पुढे मी शिकलो. खरंच शिकलो. पण तिला कधी शोधलं नाही.

यंदा तीच आली — स्कूटरवरून, लेकीला घेऊन. आता इथून जवळच चांदे गावात असते, नवऱ्याबरोबर आयटीतल्या मुलांना खोल्या भाड्याने देते. आण्णा गेले, म्हणाली. लेक आर्या अकरावीला, आणि नेमकी वर्तुळावर अडलेली. मी कागदावर x बाजूचा चौरस काढला. सहा x च्या दोन सारख्या पट्ट्या केल्या, तीन-तीन रुंदीच्या. एक चौरसाच्या उजवीकडे लावली, एक खाली. मोठा चौरस होता होता राहिला — एक कोपरा रिकामा. तीन बाय तीनचा.

संगीता खुर्चीतून उठून टेबलापाशी आली.

"आसं व्हय," ती हळूच म्हणाली. "कोपरा भरायचा."

पेन्सिल घेऊन तिनं पुढचं उदाहरण सोडवलं. आर्याची पहिली ओळ होईपर्यंत हिचं केंद्र आलं, त्रिज्याही आली. मग स्वतःशीच हसली.

"माझं डोकं न्हाई चालत ह्यात, सर. तुमीच आण्णांना सांगितलं व्हतं. खरं सांगणारा मास्तर हाय, म्हणायचे आण्णा."

तेव्हा बोलता आलं असतं ना? आर्यासमोर, त्याच टेबलाशी? मी तिचा कागद ओढून घेतला, उत्तर तपासलं. बरोबर होतं. "पुढचं घ्या," म्हणालो.

आता ती लेकीबरोबर नेमानं येते. दोघी शेजारी बसून उदाहरणं सोडवतात, एकमेकींच्या चुका काढतात. त्या दुपारी मला फार आवडतात. खोटं कशाला सांगू? संगीताचं चांगलं चाललंय, पण ते तिनं केलंय. माझ्या बाजूने मांडण्यासारखं त्यात काही नाही.

काल जाताना ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.