तिला नुसतं बसायचं होतं

ज्याला मुळीच ऐकू येत नाही, अशा माणसाशी बोलताना मी माईकचा आवाज वाढवला होता.

एकदाचं लिहूनच टाकते. नाहीतर वाचनालयातली मंडळी माझ्या माघारी हे सांगतात आणि त्यात पदरचा मीठमसाला घालतात. तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे तशी कोवळीच होते. अक्कलदाढा मात्र पडून गेल्या होत्या आणि जाताना बहुधा अक्कलही सोबत घेऊन गेल्या होत्या. शाळेतली नोकरी संपलेली, पण बाईपण काही अंगातून उतरलेलं नव्हतं.

जळोचीतल्या आमच्या वाचनालयाने तेव्हा दर रविवारी ‘घरची गोष्ट’ सुरू केली होती. मूल आणून सोडायचं आणि आपण बाजारात पळायचं, हे चालणार नाही. घरातल्या मोठ्याने सोबत बसायचं आणि पाळी आली की आपल्या घरातली एक गोष्ट सांगायची. वाचनालयाची खोली पुरेना, म्हणून दूध संस्थेने आपला हॉल दिला. दुपारी तिथे कॅन रिकामे आणि माणूस नाही. बचत गटाच्या बायका शेंगदाण्याचे लाडू आणायच्या. हॉलला दुधाचा वास, हाताला लाडवाचा.

पहिल्याच रविवारी एमआयडीसीतली पाळी संपवून एक तरुण मोटारसायकलवर बायको आणि मुलीला घेऊन आला. मी विचारलं, “काय पाहुणं, कुठल्या गावचं?” तो हसला. पुन्हा विचारलं, पुन्हा हसला. मला वाटलं, लाजतोय. मग मी मागच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला. तरी हसतोच आहे. तेव्हा मी माईक घेतला, आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं आणि त्याच्या तोंडासमोर गर्जले, “गाव कोणतं?” स्पीकरने किंकाळी फोडली. दोन तान्ही पोरं रडायला लागली. बाहेर बांधलेली गाय हंबरली.

त्याच्या मुलीने माझा पदर ओढला. असेल सहा-सात वर्षांची. “आजी, माझ्या पप्पांना ऐकू येत न्हाय. मम्मीला पन न्हाय. तुमी कितीबी वरडा.”

मी ओशाळून “सॉरी” म्हणाले. तेही माईकमधूनच.

बचत गटाच्या अध्यक्षीणबाई लाडवांचा डबा बंद करत म्हणाल्या, “बाई, माईकची वायर आखूड हाय ते बरं झालं. न्हायतर त्याच्या कानातच घातला असता तुमी.”

त्या माणसाने मात्र मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला आणि मला बघून त्याने लांबूनच दोन्ही कानांवर हात ठेवले. सगळा हॉल हसला. मीही हसले. काय करणार?

ग्रंथपालांनी मग इंदापूरकडच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एका शिक्षकांना गाठलं. ते एक रविवार आड येऊन आम्हाला हातांची भाषा शिकवू लागले. बचत गटाच्या बायका भराभर शिकल्या. हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला आवाज न करता गप्पा मारायच्या आणि मध्येच माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायच्या. माझी बोटं मात्र जन्मभर खडू धरून ताठर झालेली. एकदा मी पाणी मागितलं, तर एका पोराने माझ्या चपला आणून दिल्या.

थंडी पडली आणि त्या मुलीच्या वडिलांची पाळी जवळ आली. मी ऐटीत म्हणाले, “पप्पा हातांनी सांगतील आणि तू आम्हाला तोंडाने सांग.” तशी ती गपकन टेबलाखाली जाऊन बसली. मी गुडघ्यांची समजूत काढत खाली वाकले.

“काय झालं गं?”

“दवाखान्यात मीच सांगते. बँकेत मीच. गिरणीत मीच. शाळेत पालकसभेला पन मीच.”

“पालकसभेला?”

“आमच्या बाई म्हनल्या, ही वर्गात लई बडबड करती. ते पप्पांना मीच सांगितलं.”

“खरं सांगितलंस?”

तिने जरा विचार केला. “थोडं कमी सांगितलं.”

मला हसू फुटलं, पण ती हसत नव्हती. “बाकीची पोरं मम्मीच्या मांडीवर बसून लाडू खात्यात अन् गोष्ट बघत्यात. मला पन एकदा नुसतं बसायचंय.”

मी तिला शब्द दिला. त्या दिवशी तू तोंड फक्त लाडवासाठी उघडायचं. शिक्षकांशी बोलले, तेही हो म्हणाले. ते बोलतील, ती बसेल. झालं ठरलं.

पण तो दिवस ऐन ऊसतोडीतला निघाला. हॉल गच्च भरला. मुलीचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले आणि तेवढ्यात ग्रंथपालांना शिक्षकांचा फोन आला: वाटेत उसाची ट्रॉली उलटली आहे, रस्ता बंद आहे, काही खरं नाही.

मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणी काही सांगायच्या आत तिने हातातला लाडू, दात न लावलेला, आईच्या तळहातावर ठेवला आणि फ्रॉक झटकून उठली. दवाखान्यात, बँकेत ती अशीच उठत असणार.

“खाली बस,” मी म्हणाले.

“मग कोन सांगनार?”

“मी.”

“अगं बाई!” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “त्या माणसाचं आता कसं व्हायचं?”

त्याचे हात सुरू झाले. गोष्ट त्याच्या लहानपणीची, भिगवणकडची, हे मला नंतर कळलं. त्याने दोन्ही हातांनी काहीतरी ओढलं. मी ठणकावून सांगितलं, “एकदा एक माणूस दळण दळत होता.”

“होडी, आजी! होडी वल्हवतोय!” पोरं ओरडली.

त्याने हवेत काहीतरी फेकलं. “मग त्याने शेतात खत टाकलं.”

“जाळं! जाळं!”

मग त्याने मान लांब केली, एक पाय वर घेतला आणि डोळे बारीक करून इकडेतिकडे बघितलं. मी म्हणाले, “इतक्यात त्याची सासू आली.”

“बगळा, आजी! बगळा!” हॉलमध्ये हशा फुटला. तो बावरून थांबला. आपण काय केलं म्हणून हे हसतायत? त्याने बायकोकडे बघितलं आणि मग दोघांनीही सवयीने मुलीकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. खांदे हसून हसून गदगदत होते. पण तिने मान हलवली: नाही सांगणार, मी बसलेय. आणि आईच्या हातावरचा लाडू उचलून अख्खा तोंडात कोंबला.

शेवटी अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या आणि माझी सासू त्यांनी त्याला हातांनी समजावून सांगितली. तो इतका हसला की खालीच बसला. पुन्हा उठला, डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं आणि पदर घेतलेला बगळा ऐटीत चालू लागला. तो बगळा होडीतल्या टोपलीतले मासे एकेक करून पळवत होता आणि राखणीला बसवलेला पोर, म्हणजे तोच, डुलक्या घेत होता. शेवटी एक मासा उरला. होडी वल्हवणाऱ्या त्याच्या वडिलांनी पोराला न मारता तो मासाही बगळ्याला टाकला आणि पोराला खांद्यावर घेऊन मीठभात खायला घरी गेले.

हे मी सांगितलं नाही. मी केव्हाच गप्प झाले होते. पोरंच ओरडून सांगत होती आणि मीही त्यांच्यात बसून बघत होते.

नंतर मी दाराशी चपला शोधत होते, तेव्हा ती आली. गालावर लाडवाचा चुरा.

“आजी, तुमी समदं चुकीचं सांगितलं,” ती म्हणाली. “फुडच्या येळी पन तुमीच सांगा.”