चुकलं जी

"तू नको. तू नुसतं बघ. बघूनही शिकता येतं," बाई म्हणाल्या आणि प्रोजेक्टरच्या समोर त्यांनी आपला हात आडवा धरला.

माझा हात तोवर अर्ध्यावर गेला होता. तो मागं घेतला आणि पदराला पुसला. का पुसला, कुणास ठाऊक. घाण नव्हता. माझ्या आधीच्या मुलीनं फिल्मची पट्टी सरकवून दाखवली होती, माझ्या नंतरचीनंही दाखवली. मधली जागा माझी. त्या जागेवर मी नुसतं बघितलं.

सत्तरच्या दशकातलं नागपूर. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. उद्या मास्तरीण होणाऱ्या आम्हा पोरींना 'शैक्षणिक साधने' नावाचा विषय होता. वर्गात खडू-फळ्यापलीकडं काय काय वापरता येतं ते शिकायचं. खादी फलक, नकाशे, मातीच्या प्रतिकृती, रेडिओवरचे शालेय पाठ. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे फिल्मपट्टीचा प्रोजेक्टर. खिडक्यांना काळे पडदे लावायचे, भिंतीवर पांढरी चादर ताणायची, बटण दाबलं की चादरीवर बेडूक. गुंडी फिरवली की बेडकाची अंडी. मी वेडी झाले होते त्या यंत्राच्या मागं. काटोलकडच्या आमच्या शाळेत मास्तर बेडूक शिकवताना डोळे वटारून बसायचे, तेवढंच आमचं साधन. मला वाटायचं, हे यंत्र एकदा हाती आलं की मी पोरांना अख्खं जग चादरीवर दाखवीन.

पण सराव पाठ आला की बाई म्हणायच्या, "तू तक्ता कर. तुझं अक्षर चांगलं आहे."

अक्षर चांगलं असणं माझ्या मुळावर आलं. प्रताप नगरकडच्या शाळेत पाठ असला की इतर मुली रिक्षात प्रोजेक्टर मांडीवर घेऊन निघायच्या, मी कागदाची सुरळी काखेत मारून पायी. बाईंनी जातीचं नाव कधी काढलं नाही. फार सभ्य होत्या. त्या फक्त 'सवलत' म्हणायच्या. "सवलतीनं आलेल्या मुलींनी निदान विद्यालयाच्या वस्तू जपाव्यात." वर्गात सवलतीनं आलेली मी एकटीच होते, त्यामुळं अनेकवचन कुणासाठी होतं ते शोधावं लागत नव्हतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा तास संपल्यावर सगळ्या बाहेर गेल्या होत्या आणि मी काळे पडदे काढत होते. ते काम मला चालायचं. प्रोजेक्टर टेबलावर होता. मी त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला. कोमट होता, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखा. लगेच हात उचलला आणि घाईघाईनं पडदे घडी केले. बस, एवढंच. बटणाला नाही, पट्टीला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंनी बटण दाबलं आणि चादर काळीच राहिली. बल्ब गेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरीच झाली नव्हती. बल्ब होता, जळला. बल्ब जळतात. पण विद्यालयाची तपासणी तोंडावर आली होती आणि बाईंना प्राचार्यांना उत्तर द्यायचं होतं. उत्तराला एक माणूस लागतो.

"कोणी हात लावला होता?" बाईंनी विचारलं.

अळीमिळी गुपचिळी. आदल्या आठवड्यात निम्म्या वर्गानं हात लावला होता, शिकायचं म्हणून. पण प्रश्न त्यांच्यासाठी नव्हताच. एकेक मान माझ्याकडं वळली. काही मुलींच्या नजरेत तर कीव होती. ती जास्त बोचली.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "चुकलं बाई."

हे मी का म्हणाले ते कळायला काटोलच्या संत्र्याच्या बागेत जावं लागेल. माझी आई तिथं संत्री निवडायची आणि पेट्या भरायची. बाप मी लहान असतानाच गेला. पेटीत एखादं डागी फळ सापडलं की व्यापारी ओरडायचा. तो ओरडला रे ओरडला की गवतावर बसलेल्या सगळ्या बाया एका सुरात म्हणायच्या, "चुकलं जी!" काय चुकलं, कुणाचं चुकलं ते मागाहून बघायचं. आईनं मला बाराखडीच्या आधी हे शिकवलं. "पयले माफी मांग, मंग इचार काय झालं. तोवर त्याचा हात खाली येते." आमच्याकडं तो शब्द रामरामासारखा होता. त्यानं मार वाचायचा, रोज वाचायचा. दुसऱ्या दिवशी कामावर या म्हणायचे.

शहरात त्याच शब्दाला कबुलीजबाब म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पालकांना घेऊन ये. तोवर तुझा वार्षिक पाठ होणार नाही." वार्षिक पाठ नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे मी परत गवतावर, आईच्या शेजारी.

आता खरी लाजेची गोष्ट ऐका. मला अन्याय वाटला नाही. मला अपराधी वाटलं. मनापासून. तो कोमट पत्रा तळहाताला आठवत राहिला आणि मी स्वतःला सांगत राहिले, तुझ्या हातानंच गेला. इतक्या मुलींनी गुंड्या फिरवल्या, काही झालं नाही. तू नुसता तळवा टेकवलास आणि दिवा विझला. विज्ञानात मला पहिला नंबर होता. वीज, तार, निर्वात पोकळी, सगळं तोंडपाठ. तरी मी असा विचार केला. जेवताना उजवा हात ताटात घालवेना.

काटोलच्या गाडीच्या कंडक्टरजवळ आईला निरोप पाठवला. ती आली. ठेवणीतलं लुगडं, हातात संत्र्यांची पिशवी. साधनांच्या खोलीच्या दाराबाहेर तिनं चपला काढल्या. आत वर्गातल्या मुली तक्ते चिकटवत होत्या. बाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही.

आईनं पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवली, हात जोडले आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "माफी करा जी बाईसाहेब. लेकराचं चुकलं."

खुर्ची रिकामी होती. ती खाली बसली.

माझ्या आई-बापानं नागपुरात येऊन दीक्षा घेतली तेव्हा मी तिच्या कडेवर होते. त्या दिवसापासून तिनं एकाही देवापुढं हात जोडले नाहीत. घरातले टाक, तसबिरी, सगळं काढून टाकलं, शेजारणी भांडल्या तरी ऐकलं नाही. अशी कडक बाई. देवापुढचे हात सुटले, पण मालकापुढचे सुटले नाहीत. ते सुटून चालणार नव्हतं, घरात खाणारी तोंडं होती.

"बघा, तुम्हाला कळतं," बाई म्हणाल्या. "मुलीला कळायला हवं होतं."

मग आईनं मान वळवून मला विचारलं, "तुनं काय केलं वं?"

माफी आधी मागितली होती. काय झालं ते आत्ता विचारत होती. मी काही बोलायच्या आत बाईंनीच उत्तर दिलं.

"हात लावला तिनं."

आईनं पुढं काही विचारलं नाही. कशाला लावला, कधी लावला, काय मोडलं, काही नाही. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काहून लावला वं हात?"

हे वाक्य तिचं नव्हतं. ती पोरगी होती तेव्हा गावच्या विहिरीवर कुणीतरी तिच्या आईसमोर हेच विचारलं असणार, आणि तिच्या आईनं घरी जाऊन तिला हेच विचारलं असणार. तिला प्रोजेक्टर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण हात लावला म्हणजे काय ते तिला पक्कं माहीत होतं. आणि मीही आठवडाभर तेच मानून बसले होते, विज्ञानातला पहिला नंबर घेऊन.

"आई, थांब," मी म्हणाले. मग बाईंकडं वळले. "बाई, हात लावल्यानं बल्ब जातो का?"

"काय?"

"मी एकदा हात लावला. पत्र्याला. बटण दाबलं नाही, कारण ते कसं दाबायचं ते तुम्ही मला शिकवलंच नाही. हात लावल्यानं बल्ब जातो का? कोणत्या पुस्तकात आहे?"

खोलीत डिंकाचा वास होता. एका मुलीच्या हातातून कात्री पडली.

"मग चुकलं का म्हणालीस?" बाईंचा आवाज चढला.

"सवय आहे."

"म्हणजे?"

"आम्ही आधी माफी मागतो. काय झालं ते नंतर विचारतो. आता विचारलं. माझं काही चुकलेलं नाही. माझी माफी मी परत घेते. आईनं मागितली तीही परत घेते."

"चूप राय वं!" आई ओरडली. तिनं उठून माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी वाकली. मग पुन्हा बाईंकडं वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला शब्दच सापडेना. जन्मभराचा एक शब्द होता, तो मी नुकताच काढून घेतला होता. ती तशीच उभी राहिली. त्या पोरी बघत होत्या.

एस.टी. स्टँडवर जाईपर्यंत ती माझ्यापुढं चालत होती. मी मागून. काटोलची गाडी लागलेली होती. तेव्हा ती बोलली.

"माफी मी मांगतली होती. ते वापस घेणारी तू कोण वं?"

"आई, तुझं काही चुकलं नव्हतं."

"मले मालूम नाही काय? साऱ्या जलमात माहं काय चुकलं होतं?" तिचे डोळे कोरडे होते. "तरी मांगत राहिली. माफी मांगून मांगून तुले शिकवलं मी. अन आता तेच माफी तुले घाण वाटून राहिली. त्या पोट्ट्यांपुढं माहं तोंड पाडलं तुनं."

मला वाटत होतं मी तिला सोडवलं. तिला वाटत होतं मी तिला उघडं पाडलं. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं दुसरं मी केलं होतं, बाईंनी नव्हे. ती गाडीत चढली, पलीकडच्या बाजूला बसली. गाडी हलली तरी तिनं वळून पाहिलं नाही. त्या क्षणी मला धावत जाऊन बाईंचे पाय धरावेसे वाटले. सगळं पूर्ववत व्हावं, आईनं खिडकीतून हात हलवावा, एवढ्यासाठी मी काहीही कबूल केलं असतं.

नाही केलं. दुसऱ्या दिवशी साधनांच्या खोलीत गेले. बाई कुलूप काढत होत्या.

"वार्षिक पाठ मी प्रोजेक्टरवर घेणार," मी सांगितलं.

"तुला येतो चालवायला?"

"येत नाही. शिकवा."

"आणि नाही शिकवलं तर?"

"तर पाठ घेणार नाही. तक्ता करणार नाही. बाहेरचे परीक्षक येतील, का घेतला नाही विचारतील. त्यांना सांगेन, दोन वर्षं मी नुसतं बघितलं."

बाईंनी कुलूप काढून टेबलावर ठेवलं. त्यांना काय उमजलं, मला ठाऊक नाही. पश्चात्ताप वगैरे झाला नसावा; परीक्षकांची भीती वाटली असावी. तपासणीसाठी नवा बल्ब आला होताच. त्यांनी मला शिकवलं. आपलं बोट माझ्या बोटाला लागणार नाही अशा बेतानं शिकवलं, पण शिकवलं. पट्टी कुठून सरकवायची, गुंडी किती फिरवायची, आतला पंखा थांबेपर्यंत यंत्र का हलवायचं नाही.

वार्षिक पाठाच्या दिवशी चादरीवर बेडूक उमटला आणि चौथीची पोरं ओरडली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त काटोलच्या गाडीची ती पलीकडची खिडकी दिसत होती. मी गुंडी फिरवत राहिले.

पुढं नोकरी लागली. आईनं माझ्या शाळेत कधी पाय ठेवला नाही. सुट्टीत घरी गेले की जेवायला वाढायची, खुशाली विचारायची. पण माझ्या देखत तिनं पुन्हा कुणापुढं 'चुकलं जी' म्हटलं नाही. व्यापारी ओरडला तर मुकाट बसून राहायची. सगळ्यांना वाटलं म्हातारी ताठ झाली. मला माहीत होतं, ती ताठ झाली नव्हती. मी तिचं हत्यार मोडलं होतं आणि बदल्यात दुसरं दिलं नव्हतं.

माझ्या वर्गात वस्तू मोडतात. पृथ्वीचा गोल फुटतो, चुंबक हरवतो, रेडिओचा खटका निघून येतो. कुणी हात लावला, हा प्रश्न मी विचारत नाही. सगळ्यांनी लावायचा, सगळ्यांत आधी त्यानं, जो मागच्या ओळीत हात काखेत दाबून बसलाय. हेडमास्तर रागावले, वस्तू कुलपात ठेवा म्हणाले. मी नाही म्हटलं. बदली करा म्हटलं, कुलूप लावणार नाही.

आईच्या बाबतीत जे केलं तो अपराध माझा आहे. त्याची माफी मी मागणार नाही, कारण माफी या शब्दानं तिला आणखी काय द्यायचं राहिलंय? तो अपराध मी जन्मभर बाळगीन. पण तेवढाच एक. बाकीचे ज्यांचे आहेत, त्यांनी आपापले उचलावेत.