राहीबाई आणि मनोजचा फोन

अनोळखी नंबर उचलू नका, असं हल्ली सगळेच सांगतात. सरकार सांगतं, बँक सांगते, चार बुकं शिकलेला नातूसुद्धा सांगतो. पूर्णा गावच्या राहीबाईला या उपदेशाचं हसू यायचं, कारण तिचं पोटच मुळी अनोळखी नंबरांवर चाललेलं.

राहीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवाची मेढ रोवल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत विधीविधीला धवले म्हणतात, ती गाणी गाणारी बाई. पूर्वी लग्नाचं बोलावणं सुपारी घेऊन दारात यायचं. मग शेतं गेली, शेतांवर गोदामं उभी राहिली, माणसं भाड्याच्या पैशांनी ठाण्या-कल्याणला फ्लॅट घेऊन पांगली आणि सुपारीच्या जागी फोन आला. कधी कशेळीहून, कधी काल्हेरहून, कधी कामतघरच्या गल्लीतून, मागे लूमची खडखड चालू असताना. "राहीबाय बोलतेस का? आमच्या पोरीचं लगीन ठरलंय."

मग राहीबाई पाय पसरून विचारायला बसायची. पोरीचं नाव काय, आईचं माहेर कुठलं, मामा किती, आत्या कुठं कुठं दिल्यात. आणि शेवटी, आवाज जराही न उतरवता, "घरातलं कोन कोन गेलंय?"

हे विचारावंच लागायचं. मांडवाच्या सकाळी पहिलं बोलावणं देवांना, दुसरं सोयऱ्यांना आणि तिसरं घरच्या माणसांना. घरच्यांत मेलेले आणि जिवंत असा भेद धवल्यात नाही. सगळ्यांना एकाच चालीत हाक मारायची, एकेका नावाला विड्याच्या पानावर चिमूटभर तांदूळ ठेवायचे. एखादं नाव राहिलं तर तो माणूस रुसतो. जिवंत रुसला तर फार तर जेवायला येत नाही, मेलेला रुसला तर काय करील त्याचा नेम नाही, असं राहीबाईचं मत. त्यामुळे माहिती काढण्यात ती पोलिसांनाही हार जायची नाही. आणि गंमत म्हणजे लोक तिला सगळं सांगायचे. भावकीतल्या भांडणामुळे कुणाचं नाव गाळायचं, तेही सांगायचे.

केसरीनाथ तरेच्या थोरल्या पोरीचं, उन्नतीचं लग्न गेल्या वैशाखात झालं, ते राहीबाईनेच लावलं. केसरीनाथ म्हणजे गोदामांच्या भाड्यावर बरं चाललेला माणूस. तोंडाने तिखट, पण हात सैल. त्याची आई ठकुबाई ही राहीबाईची लहानपणची मैत्रीण, दोघी एका खाडीत चिंबोऱ्या धरत वाढलेल्या. ठकुबाईचा धाकटा लेक मनोज दोन वर्षांपूर्वी कशेळीच्या पुलाजवळ कंटेनरखाली गेला. लग्न व्हायचं होतं त्याचं. उन्नतीच्या मांडवाच्या सकाळी राहीबाईने देव बोलावले, राहनाळचे मामा बोलावले, काल्हेरच्या आत्या बोलावल्या आणि मग पानाकडे बघत म्हटलं,

ठकूच्या लेका मनोजा, मांडवाला ये रे,
पुतनी तुझी नवरी, तिला तांदूल दे रे.

ठकुबाईने पदर तोंडात कोंबला. केसरीनाथ मांडवाबाहेर जाऊन उगाच डेकोरेशनवाल्यावर ओरडत बसला. फोटोवाला मात्र कॅमेरा रोखून होता, त्याला हे सगळं फार आवडलं.

श्रावणात एका दुपारी केसरीनाथ राहीबाईच्या दारात आला. चपला काढल्या नाहीत, बसला नाही.

"काकी, खरं सांग. आमच्या घरातली नावं तू कोनाला सांगलीस?"

"कसली नावं?"

"आयेला फोन आला. बोलला, आई, मी मनोज बोलतंय."

राहीबाईच्या हातात निवडायची मेथी होती, ती तशीच राहिली.

झालं होतं ते असं. ठकुबाई घरात एकटी असताना फोन वाजला. नंबर लग्नपत्रिकेवर छापलेलाच होता आणि तो फोन ठकुबाईकडेच असायचा. पलीकडचा माणूस अडखळत, अर्धं हिंदी मिसळून बोलत होता, पण भिवंडीत निम्मी माणसं तशीच बोलतात. म्हणाला, आई, मनोज बोलतोय, हा नवीन नंबर आहे. राहनाळच्या मामाकडे आलोय, जरा अडचणीत आहे, काल्हेरच्या आत्याला बोलू नको, ती ओरडेल. तुझ्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा वाचून दाखव. त्याआधी त्याने तिची जन्मतारीख विचारली, एटीएम कार्ड काढायला लावून त्यावरचे आकडे विचारले. त्याने विचारलं ते सगळं तिने दिलं. जमीन ठकुबाईच्या नावावर होती, म्हणून जमिनीचे पैसेही तिच्याच खात्यात होते. संध्याकाळपर्यंत खातं धुऊन निघालं. केसरीनाथने तक्रार केली, सायबरवाल्यांनी धावपळ करून थोडे पैसे वाटेत अडवले, बाकीचे गेले ते गेले.

"मामा, आत्या, मनोज, सगली नावं त्याला ठावं व्हती," केसरीनाथ म्हणाला. "गावात येवढं कोनाला ठावं असतंय? तुला. दिवसभर परक्या मानसांशी फोनवर बोलत असतंस तू."

राहीबाई रागावली नाही, हेच वाईट झालं. ती घाबरली. आपण कुणाला बोललो असू का, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना. इतके फोन, इतकी माणसं. कुणी गोड बोलून विचारलं असेल आणि आपण सांगूनही गेलो असू. "मना आठवत न्हाय रं," ती म्हणाली आणि केसरीनाथला तेवढं उत्तर पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी लागते. संन्याशाची स्वतःचीच खात्री नसते.

गावात बातमीला पाय लागत नाहीत, चाकं लागतात. राहीबाय नावं फोडते, असं आधी पूर्ण्यात झालं, मग काल्हेरला, मग कशेळीला. दिवाळीनंतर लग्नांची घाई सुरू होते, तेव्हा तिचा फोन सारखा वाजायचा. या वर्षी तो उशाला पडून राहिला. शेजारच्या आळीतल्या लग्नात तर डीजेवाल्याने पेन ड्राईव्हवरचे धवले लावले. गाणारी कोण कुठली, आवाज गोड, पण त्यात नाव एकही नाही. राहीबाई ओट्यावर बसून ऐकत होती. "ह्या बायला ठावं तरी हाय का, कोनाच्या घरी गातेय?" ती सुनेला म्हणाली. पैशाचं तिला फारसं नव्हतं, पोरगा कुणाल गोदामात सुपरवायझर होता. पण आपण मेल्यावर नव्हे तर आपल्या डोळ्यांदेखत आपलं गाणं पेन ड्राईव्हमध्ये गेलं, याचं तिला रडू आलं. ती सरळ रडली. सून विनिता जवळ येऊन बसली.

विनिता शिकलेली आणि उद्योगी बाई. सासूची बदनामी तिला झोंबली होती. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मोबाइल घेऊन आली. "आई, उन्नतीच्या लग्नाचा वीडियो फोटोवाल्याने यूट्यूबवर टाकलाय. पूर्ण. तुमचा मांडव पण आहे त्यात. बघा."

राहीबाईने स्वतःला कधी असं पाहिलं नव्हतं. आपण इतक्या म्हाताऱ्या दिसतो हे पाहून तिला आधी धक्का बसला. मग ती ऐकू लागली. राहनाळचे मामा. काल्हेरच्या आत्या. ठकूच्या लेका मनोजा, मांडवाला ये रे.

"थांब," ती म्हणाली. "परत लाव."

परत तेच. मामा, मग आत्या, मग मनोज. फोनवर तो माणूस जे बोलला, ते सगळं याच क्रमाने इथे होतं. सुरुवातीला दाखवलेल्या लग्नपत्रिकेवर फोनचा नंबरही होता. जे इथे नव्हतं ते त्याला ठाऊकही नव्हतं, आणि इथे मनोज मेलाय असं कुठेच नव्हतं. धवल्यात मेलेल्यालाही ये म्हणूनच बोलावतात. त्या लांबच्या माणसाने ऐकलं, लेकाला मांडवात बोलावतायत म्हणजे लेक बाहेरगावी असणार. आपल्या माणसाने ही चूक केलीच नसती. गावचा चोर असता तरी मनोजच्या नावाने फोन करायची त्याची छाती झाली नसती.

दोघी तशाच उठून केसरीनाथकडे गेल्या. त्याने वीडियो उभ्यानेच पाहिला. एकदा पाहिला, मग अंगठ्याने मागे नेऊन पुन्हा पाहिला. मग खुर्चीत बसला.

"मीच सांगलेला त्याला, टाक बोललो. सगल्यांनी बघू दे."

  त्याने तिथल्या तिथे फोटोवाल्याला फोन करून शिव्या घातल्या, वीडियो काढायला लावला. मग म्हणाला, "काकी, चुकलं माझं. माघात धाकट्या निशाचं लगीन हाय. तूच ये. कॅमेरा बंद ठेवू. पन मनोजचं नाव नको. आयेला एकदा येडं केलं तेवढं पुरं झालं. लोक बोलतात, म्हातारीचं डोकं फिरलंय."

"डोकं फिरलंय का न्हाय, ते मी तिलाच इचारतंय," राहीबाई म्हणाली आणि आत गेली.

ठकुबाई मागच्या पडवीत बसली होती. फोन तिच्याकडून काढून घेतला होता, त्यामुळे हात रिकामे होते. या दोघी श्रावणापासून बोलल्या नव्हत्या.

"गो ठके," राहीबाई शेजारी टेकत म्हणाली, "तुला ठावं न्हवतं का, मनोज गेलाय?"

"तोंड धुतलं त्याचं ह्या हातांनी. मना ठावं न्हाय तं कोनाला?"

"मंग?"

ठकुबाईने पडवीत चढू पाहणारी कोंबडी हाकलली. "त्यो मना आये बोलायचा. ह्यो आई बोलला. पयल्या शब्दालाच कललं, माझा न्हाय म्हनून." मग म्हणाली, "पन तूच बोलावला होतास ना त्याला मांडवात? मी म्हटलं, राहीने बोलावलंय, कोन सांगावं. मंग त्याने आकडा मागला. पोराच्या नावाने कुनी मागतंय, त्याला न्हाय कसं बोलू? आकडाच तं होता."

 उभ्या जन्मात राहीबाईने किती मेलेल्यांना हाका मारल्या, कुणाच्या घरी कोण त्या हाकेची वाट बघत बसलं असेल, हा विचार तिला कधी शिवला नव्हता. ती नुसती ठकुबाईचा हात धरून बसली. उठताना एवढंच म्हणाली, "केसरीनाथ बोलतोय, ह्या बारीला त्याचं नाव नको."

"त्याचं बी बराबर हाय," ठकुबाई म्हणाली.

माघात मांडव उभा राहिला. राहीबाईने एकच अट घातली होती, ती केसरीनाथने पाळली. फोटोवाला बाहेर चहा पीत बसला आणि विनिता सूप घेऊन मांडवभर फिरली. ज्याने त्याने आपला मोबाइल सुपात ठेवायचा. पोरांनी कुरकुर केली, एका मामाने मला ड्युटीचा फोन येतो म्हणून पाहिलं, पण तांदूळ पाखडायचं सूप मोबाइलांनी भरलं आणि आत देवघरात गेलं. मांडव एकदम शांत झाला. लोकांना हात कुठे ठेवायचे कळेना.

राहीबाईने पानं मांडली. बऱ्याच महिन्यांनी आवाज लावत होती, पहिल्या ओळीला तो जरा फाटला, मग बसला. देव झाले. मामा झाले, आत्या झाल्या. घरचे आले. केसरीनाथचा बाप, केसरीनाथचा आजा, आजी. चिमूट चिमूट तांदूळ पडत गेले. मनोजची जागा आली तशी तिने कबूल केल्याप्रमाणे ती ओलांडली आणि पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"एक राहिला," ठकुबाई म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. राहीबाईने केसरीनाथकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"बोलव गो त्याला," ठकुबाई म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं, भाजीवाल्याला हाक मारावी तसा साधा आवाज. "फक्त त्याला सांग, फोन नको करू म्हनावं. येयाचं तं मांडवात ये."

कोपऱ्यातल्या दोन बाया हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. राहीबाईने धवल्यात जन्मात नवीन ओळ घातली नव्हती. आईने दिलं तेवढंच ती गायची. आता मात्र त्याच चालीत तिने म्हटलं,

ठकूच्या लेका मनोजा, फोन नको रे करू,
पायांनी ये मांडवी, आये बसली दारू.

दारू म्हणजे दारात, जुळवाजुळव करावी लागली, पण कुणी काही बोललं नाही. तिने तांदळाला हात घालायच्या आधीच केसरीनाथ पुढे झाला होता. त्याने चिमूट भरून भावाच्या पानावर ठेवली, मग आणखी एक ठेवली, आणि मांडवाबाहेर न जाता तिथेच आईजवळ बसला.