साडेपाच तास मागं

आम्ही अंगणवाडीच्या बाया जिंतूरला मीटिंगला जमलो की चहा येईपर्यंत मोबाइलवरच्या ॲपच्या घड्याळाचा एखादा किस्सा होतोच. तेवढ्यापुरतं हसतो.

पहिला माझाच. मी अंगणवाडी दहाला उघडली, ॲपात नोंद लागली पहाटे साडेचारची. सुपरवायझर मॅडमनी विचारलं, "एवढ्या पहाटे लेकरं येतात का हो तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "मॅडम, त्या वेळी मीपण येत नाही."

तरी खुलासा लिहून घेतलाच.

ऑफिसातले कॉम्प्युटरवाले सर मग म्हणाले, "सर्व्हर परदेशातली वेळ धरतो. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तुमच्याकडून काही होणार नाही."

शोभाला हे पटलं नाही. तिनं स्वतःच्या मोबाइलचं घड्याळच साडेपाच तास पुढं केलं. ॲप फोनचं ऐकतच नव्हतं, ते तसंच मागं राहिलं. पण तिचा नवरा फोन बघून भर दुपारी म्हशीची धार काढायला बसला आणि लाथ खाऊन उठला.

"म्हशीला बरोबर टाइम कळतो," शोभा म्हणाली. "तिलाच बसवा सर्व्हरवर."

मग हेल्पलाइनला तक्रार केली. मेसेज आला: तक्रार मिळाली सकाळी अकराला, निकाली निघाली सकाळी आठला.

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मंदाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "बोलायच्या आधीच ऐकलं की यांनी. उगं नावं ठेवायलोय आपण."

दिवाळीनंतर आमच्या गावची माणसं ऊसतोडीला निघाली. रेखाची परी दोन वर्षांची, लय अशक्त. वजन कमी असल्याची नोंद झाली, तरच तिकडच्या अंगणवाडीत तिला जास्तीचा आहार मिळणार होता. मायलेकी आदल्या रात्रीच माहेराहून आल्या होत्या. म्हणून मी पहाटे काटा घेऊन ट्रकपाशीच गेले.

ट्रकच्या दिव्यात वजन केलं. आजची तारीख घातली, तर ॲप म्हणालं, 'पुढची तारीख चालणार नाही.' सर्व्हरवर अजून कालचाच दिवस चालू होता. कालची घातली, तर काल रविवार. तीही घेईना.

"रेखा, साडेपाचपर्यंत थांब गं. तोवर आजचा दिवस निघत नाही."

"ताई, आमी उबं हाव की तुमच्याम्होरं!"

मी मुकादमापुढं हात जोडले. तो म्हणाला, "बाई, कारखाना थांबत नसतो." रेखानं परीला पदरात गुंडाळलं आणि वर चढली. ट्रक निघाला.

मी काटा घेऊन तिथंच दगडावर बसले. साडेपाचला ॲपनं वजन घेतलं. हिरवी खूण आली. खाली लिहून आलं, 'आता बालकाचा फोटो काढा.'