रिकाम्या हातांचा दत्ताराम

माणगावहून बोरिवलीला जाणारी एसटी दुपारी वाकोल्याला थांबे, तेव्हा दत्ताराम खाली उभा असायचाच. संपानंतर त्याची गिरणी पुन्हा उघडली नाही, आणि गाडी गाठण्याचं हे काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. गावाकडच्या बाया वाडीच्या फाट्यावर गाडीला हात करत आणि ड्रायव्हर मधुकरच्या पायाशी गाठोडी ठेवत. कुणाचे तांदूळ, कुणाची कोकमं, कधी एखादा फणस. दत्ताराम ती उतरवून चाळीत घरोघर पोचवी. गाठोड्यावर नाव कुणी लिहीत नसे. कुणाचं धोतराचं फडकं, कुणाची लुगड्याची किनार. तो कापडावरून घर ओळखायचा.

पण ह्या कामाला दुसरी एक बाजू होती, आणि चाळ तिला वचकून असे. सुतकातल्या घरातून गाडीवर काही चढत नाही. सोयरातही चढत नाही, पण बाळ झाल्याची बातमी असली की दत्ताराम जिन्यापासूनच ओरडत येई. गाठोडं नाही आणि ओरडणंही नाही, म्हणजे कळायचं ते कळायचं. तो दारात उभा राहून हलक्या आवाजात म्हणे, "आधी पाणी प्या." एवढं ऐकलं की घरातली बाई भिंतीला टेकायची. पुढचं सांगावंच लागत नसे.

"दत्तूभाऊ, आधी हात दाखवा!" शेजारची शकु त्याला लांबूनच दटावायची.

"भरलेत गं बाई, भरलेत. तुझ्या सासूचा फणस आहे."

"सासू पाठवते फणस, आणि चिकट हात माझे!"

सगळे हसत. पण हसायच्या आधी प्रत्येकजण त्याच्या हातांकडे बघून घेई.

त्याची एकुलती मुलगी अनुपमा त्याच वाडीत दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी रीत. पण माहेर म्हणजे वाकोल्याची एक खोली, आणि त्या खोलीत बाई उरली नव्हती. गणपतीला गेला तेव्हा अनू म्हणाली होती, "बाबा, मी येऊ तुमच्याकडे? तिथे मोठा दवाखाना जवळ आहे."

"आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ कोण घालणार, मी? शेवंतीबाई आहेत ना इथे."

अनूची सासू शेवंती खरंच मायेची होती. तो निर्धास्त परतला. दर गुरुवारी अनूचं गाठोडं येई, तिच्या आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात. रिकामं फडकं तो पुढच्या फेरीला परत पाठवी.

त्या गुरुवारी सगळी गाठोडी उतरली. हिरवं नव्हतं.

"मधुकर, आमचं?"

"फाट्यावर कुणी नव्हतं रे. हॉर्न देत थांबलो जरा."

"निरोप?"

"माणूसच नाही तर निरोप कोण देणार? सोयर असेल यार. दिवस भरलेत ना तिचे? पेढे तयार ठेव!" मधुकर हसला, पण बोलताना आरशात बघत होता.

सोयर असतं, तर जावई खंडू गाडीपुढे नाचत आला असता. आनंदाच्या बातमीला पाय असतात, हे दत्तारामइतकं कुणाला ठाऊक होतं?

चाळीत शकुनं आरोळी दिली, "हात दाखवा!" त्यानं दाखवले. भरलेले होते, सगळी दुसऱ्यांची गाठोडी. शकु हसली, मग तिनं पुन्हा नीट पाहिलं.

"आणि अनूचं?"

त्यानं गाठोडी खाली ठेवली. शकु घाईनं आत गेली आणि पेला भरून घेऊन आली.

"बसा, दत्तूभाऊ. पाणी..."

"नको म्हणतो ना!" तो इतक्या जोरात ओरडला की खालची पोरं खेळायची थांबली.

बोरिवलीहून परत निघालेली तीच गाडी त्यानं धरली. मधुकरनं त्याला पुढे, आपल्याजवळ बसवलं. मुंबईला येताना जिथे गाठोडी असतात ती त्याच्या पायांजवळची जागा आता मोकळी होती. मागच्या गुरुवारचं हिरवं फडकं दत्तारामच्या मुठीत होतं. पनवेल गेलं, पेण गेलं. फाट्यावर उतरवल्यावर मधुकरनं गाडी लगेच हलवली नाही.

दिवे लागायची वेळ होती. वाडीत बाया दारात उभ्या होत्या. त्यांनी दत्तारामच्या हातांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

अंगणात पाय ठेवतो तोच आतून रडं ऐकू आलं. बारीक, ओलं, नुकत्या जन्मलेल्या जिवाचं. सोयरच! उगाच मन वाईट चिंतत होतं. पायरीवर खंडू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. जागरणानं थकला असेल पोरगा.

शेवंती तांब्या घेऊन बाहेर आली.

"बाळ झालं?" दत्ताराम अंगणातूनच ओरडला.

"मुलगी."

"मग फिटलं म्हणायचं! आता तुमच्या घरचं पाणी चालेल मला." नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, म्हणून आजवर तो तहान लागली की शेजारच्या ओटीवर जाऊन बसे. तो हसला. अंगणात दुसरं कुणी हसलं नाही.

"अनू झोपलीय का?"

शेवंतीनं तांब्या पुढे केला.

"व्याही," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आधी पाणी प्या."